मातीतले शिकारी वासावर चालतात



गोराई-मनोरीची वाडी असो की आरेच्या पाड्यावरचा मळा, शेणखत पडलं की पीक हिरवं होतं, हे आपण जाणताच. पण खतातलं बरंचसं नत्र थेट मुळाला घेता येत नाही. कुजणारं खत आधी जिवाणू खातात आणि पुष्कळ नत्र त्यांच्याच अंगात अडकून पडतं. ते सोडवतात जिवाणूंना खाणारे बारीक जीव, म्हणजे सूत्रकृमी आणि अमीबा.

यांना डोळे नाहीत. मग अंधाऱ्या मातीत शिकार सापडते कशी? वासावर!

कुजणाऱ्या पाल्यात, सडक्या फळांत राहणारा एक सूत्रकृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याचा अभ्यास होतो. त्याच्या अंगात मज्जापेशी फक्त ३०२. पण तोंडाच्या दोन्ही बाजूंना वास घेणारी इंद्रिये आहेत. काही जिवाणूंपासून डायअ‍ॅसिटिल हा पदार्थ निघतो. लोण्याच्या वासातही तोच असतो. वास वाढत गेला की कृमी पुढे सरकतो, कमी झाला की वळून दिशा बदलतो. एखाद्या जिवाणूने आजारी पाडलं, तर पुढे त्याचा वास टाळायलाही शिकतो.

मातीतला एक अमीबा फॉलिक आम्लाचा माग काढतो. पालेभाजीतलं हे जीवनसत्त्व जिवाणूही बाहेर सोडतात.

जिवाणू खाल्ल्यावर जास्तीचं नत्र हे शिकारी अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. ते मुळांना मिळतं. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जिवाणूंबरोबर असे सूत्रकृमी असलेल्या मातीत गवत लवकर वाढलं.

मग आपण काय करावं?

१. चांगलं कुजलेलं शेणखत गुंठ्याला सुमारे १०० किलो द्या.

२. भात निघाल्यावर भाजीचा वाफा पाल्याने झाका. हे जीव मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरात फिरतात. माती सुकली की शिकार थांबते.

३. राब भाजल्याने तण मरतं हे खरं, पण वरच्या थरातले हे मित्रही होरपळतात. जमेल तिथे गादीवाफा करून कुजलेलं खत घाला व तण हाताने काढा.

४. वांगी, भेंडी, टोमॅटोचं रोप खुजं राहिलं तर उपटून मुळं बघा. मुळंच फुगून गाठी झाल्या असतील, तर तो शत्रू सूत्रकृमी. पुढच्या हंगामात तिथे झेंडू लावा. गाठी नसतील तर सूत्रकृमीचं औषध उगीच टाकू नका. ते मित्र-शत्रू ओळखत नाही. वाल-चवळीच्या मुळावरच्या, बोटाने सहज सुटणाऱ्या गाठी मात्र उपकारकच.

खत आपण घालतो, पण ते पिकाच्या तोंडी पोचवणारे हात मातीत आहेत. ते जपा.