चिंचेची झोंप

यवतमाळ जिल्ह्यांत ज्याच्या शिवारांत चिंच नाहीं असें गांव विरळाच. दिवस मावळला कीं तिचीं चिमुकलीं पानें जोडीजोडीनें मिटतात. झाड झोंपलें, असें आपण म्हणतों. शिकंदराचा आरमारी अधिकारी आंड्रोस्थेनीस यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत बहरीन बेटावर हेंच पाहिलें, आणि तेथील लोकही हेंच म्हणत.

अंधार पडतो म्हणून पानें मिटतात, असा आमचाही समज होता. म्हणून कुंडींतील एक रोप आम्हीं बंद कोठींत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कंदील नेऊन पाहतों तों काळोखांतच पानें उघडलेलीं! लाजाळूवर असा प्रयोग फ्रान्समध्यें द मेरां यानें १७२९ सालींच केला होता. झाडाच्या आंत घड्याळ आहे खास. पण त्यास लंबक कोठला?

लंबक रसायनाचा आहे. पेशींत एक प्रथिन तयार होऊं लागतें. तें पुरेसें सांचलें कीं आपलीच उत्पत्ति अडवितें. सांचलेलें हळूहळू नष्ट झालें कीं अटकाव सुटतो व उत्पत्ति पुन्हां सुरू होते. फळमाशीच्या पेशींतील ही रचना उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पतींत प्रथिनें निराळीं, पण तऱ्हा तीच.

सारें मर्म विलंबांत आहे. आमच्या वाचकांस तें कपाशीवरून कळेल. भाव चढला कीं पुढल्या हंगामांत पेरा वाढतो. माल फार आला कीं भाव पडतो. मग पेरा घटतो व भाव पुन्हां चढूं लागतो. पेरणी आणि वेचणी यांमध्यें महिने जात नसते तर हा झोका केव्हांच थांबला असता. शेतकरी ज्या विलंबानें नाडला जातो, त्याच्याच बळावर पेशीचें घड्याळ चालतें.

रसायनशास्त्रज्ञांस हें सहज पटलें नाहीं. सोव्हिएत रशियांतील बेलोसोव्ह हे पेशींतील सायट्रिक आम्लाच्या चक्राची नक्कल नळींत करीत होते. तेव्हां मिश्रण पिवळें होई, रंगहीन होई, पुन्हां पिवळें होई. त्यांचा १९५१ चा लेख 'अशक्य' म्हणून परत आला. विक्रिया मागें कशी फिरेल? आक्षेपांतील नियम खरा होता, पण येथें तो लागूच नव्हता. पूर्वीं विहिरीवर मोट खालींवर होई. म्हणून बैलांनीं खाल्लेला कडबा कांहीं परत येत नसे! मिश्रणांतील इंधन सारखें घटतच असतें. खालींवर होतात तीं मधलीं द्रव्यें. बेलोसोव्ह १९७० सालीं वारले. लेनिन पारितोषिक त्यांच्या नांवें १९८० त जाहीर झालें.

जपानांत कोंडो व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं एका सूक्ष्म नीलहरित जीवाचीं तीन प्रथिनें एटीपी या पेशींतील इंधनासह नळींत ठेविलीं. पेशी नाहीं, सूर्य नाहीं, नवें प्रथिनही बनत नाहीं. येथें विलंब एका प्रथिनावर फॉस्फेट चढण्याउतरण्यांतच होता. तरी ती नळी दिवसामागून दिवस, सुमारें चोवीस तासांची फेरी पुरी करीत राहिली.