काचेची बिल्डिंग, बंद पडदे आणि अबू धाबीच्या छत्र्या

मी पुण्यात ज्या ऑफिसात बसतो, त्याची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आहे. दुपारचे तीन वाजले की सगळे पडदे खाली, दिवे चालू आणि एसी फुल्ल. उजेडासाठी काच लावली आणि तीच झाकून आम्ही ट्यूबलाइटखाली बसतो! तरी खिडकीजवळचा माणूस घामाघूम होतोच.

असं का होतं? ऊन काचेतून आरपार येतं आणि पडद्यावर पडतं. पडदा तापतो. पण तापलेला पडदा जी उष्णता सोडतो, ती इन्फ्रारेड असते आणि साध्या काचेतून ती परत बाहेर जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या कारसारखंच. म्हणजे ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच अडवायला हवं.

अबू धाबीचे अल बहर टॉवर्स (२०१२) हेच करतात. काचेच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, प्रत्येक टॉवरवर हजाराहून जास्त छत्र्या बसवल्यात. सूर्य कधी कुठे असेल हे कॉम्प्युटरला आधीच माहीत असतं. ऊन येईल त्या बाजूच्या छत्र्या पसरतात, ऊन सरकलं की मिटतात. तुमच्या फोनचा ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो ना, तसंच, फक्त अख्ख्या बिल्डिंगला. कल्पना मात्र जुनीच, अरबी घरांच्या जाळीदार खिडक्यांची, म्हणजे मश्रबियाची.

पण हलणारी वस्तू म्हटली की मेंटेनन्स आलाच. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटमध्ये (१९८७) कॅमेऱ्याच्या अ‍ॅपर्चरसारख्या उघडझाप करणाऱ्या २४० जाळ्या बसवल्या होत्या. पुढे त्यातल्या बऱ्याच अडकून पडल्या.

म्हणून माझं मत विचाराल तर आपल्याकडे आधी साधे उपाय करावेत. दक्षिणेला छज्जा पुरतो. पश्चिमेला नाही, कारण तिथे सूर्य खाली उतरून समोरून येतो. तिथे उभ्या पट्ट्या लागतात. काच घेतानाही एसएचजीसी हा आकडा विचारा. तो ०.२५ असेल तर उन्हाची साधारण पाव उष्णता आत येते. नुसती गडद काच घेऊ नका, ती स्वतः तापते आणि दिवसाही दिवे लावायला लावते.

आमच्या बिल्डिंगला बाहेरून काही लावायची परवानगी नाही. मी आपली उत्तरेकडची खुर्ची मागून घेतली.