शिरोड्याचं मीठ, विजयदुर्गचा साहेब आणि फिजिक्सची व्हायवा

पहिल्या वर्षाच्या फिजिक्स व्हायवाची गोष्ट. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, "वेंगुर्ले, सिंधुदुर्ग." सर खूश झाले. "वा! मग हेलियमबद्दल सांगा."

आता सिंधुदुर्गातल्या पोराला हा प्रश्न म्हणजे फुलटॉसच! मी छाती फुगवून सांगितलं, "सर, १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकयर साहेबाने आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं. त्यात पिवळी रेषा दिसली आणि हेलियम सापडला."

सर शांतपणे म्हणाले, "पिवळी रेषा सोडियमचीसुद्धा असते. ही सोडियमची नाही, हे कशावरून?"

...आणि माझी विकेट पडली. प्लँकचा स्थिरांक ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, हे तोंडपाठ होतं. डी-ब्रॉग्लीचं डेरिव्हेशन झोपेतही लिहिलं असतं. पण या सगळ्याचा त्या पिवळ्या रेषेशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. मॉडर्न फिजिक्सचं युनिट आपण सगळे असंच करतो ना? परीक्षेच्या आदल्या रात्री, मेसचा चहा पीत, झेरॉक्स नोट्समधून!

दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो प्रश्न डोक्यात होताच. स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत भक्कन पिवळी झाली. आजी मागून ओरडली, "मीठ कित्याक जाळतंस रे मेल्या? खुळावलंस काय?" आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्याच मिठातला सोडियम ज्योत पिवळी करतो. पण पिवळीच का? हिरवी का नाही?

इथे मला आमच्या परसातला माड आठवला. पाडेली माडावर चढतो ते खोडात पाडलेल्या खाचांवर पाय ठेवून. पाय या खाचेत असेल किंवा त्या खाचेत, मधे कुठे टेकतच नाही. अणूतला इलेक्ट्रॉन तसाच. ज्योतीच्या उष्णतेने तो वरच्या खाचेत जातो आणि खाली येताना मधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन म्हणून सोडतो. सोडियममध्ये हा फरक साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आपण घोकलेल्या ई इज इक्वल टू एच न्यू मध्ये टाका, तरंगलांबी येते ५८९ नॅनोमीटर. म्हणजे पिवळा! प्रत्येक मूलद्रव्याचा माड वेगळा, खाचा वेगळ्या, म्हणून प्रत्येकाच्या रेषाही वेगळ्या. लॅबमध्ये ग्रेटिंग लावून आपण सोडियम लॅम्प बघतो, तेव्हा नीट फोकस केलं तर एकाऐवजी दोन रेषा दिसतात: ५८९.० आणि ५८९.६. रीडिंग कॉपी करणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघाच!

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. सूर्यातली ती तिसरी पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरला आहे. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, म्हणून सुरुवातीला ती सोडियमची वाटणं साहजिक होतं. पण नीट मोजल्यावर ती सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळेना. तेव्हा माहीत असलेल्या दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याशीही जुळेना. म्हणून सूर्यात काहीतरी नवीन आहे असं लॉकयरने मांडलं, आणि ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या 'हेलिऑस' या नावावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो मिळाला थेट १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला, युरेनियमच्या एका खनिजातून. म्हणजे सत्तावीस वर्षं फक्त दीड नॅनोमीटरच्या भरवशावर!

वाचता वाचता एक धक्काही बसला. १८६८ मध्ये लॉकयर विजयदुर्गला नव्हताच! त्या ग्रहणाच्या वेळी फ्रान्सचा जान्सेन आंध्रात गुंटूरला होता, पॉगसन मच्छलीपट्टणला आणि जॉन हर्शेल जमखंडीला. लॉकयरने इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला. आणि खरं सांगा, ऑगस्टमध्ये, भर पावसात, कोकणात सूर्य बघायला कोण येईल?

वाईट वाटलं. पण थांबा, गोष्ट संपली नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर साहेब खरोखरच विजयदुर्गला आला होता. आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने किल्ल्यावर दुर्बिणी मांडल्या. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात ते त्याच्याच आठवणीचे. त्याच ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्रा. के. डी. नायगमवाला वर्णपट घेत होते. इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनो, हे आपलेच! खोट्या तारखेपेक्षा हा अभिमान मला जास्त आवडला.

शेवटचा प्रश्न. खाचा नेमक्या तिथेच का? बोरने १९१३ मध्ये कक्षांचं चित्र मांडलं, जे आपण बारावीत शिकतो. हायड्रोजनसाठी ते झकास चाललं, पण हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन आले आणि गणित जुळेना. म्हणजे ज्या रेषेवरून हेलियम सापडला, तीच बोरला सांगता आली नाही! त्यासाठी १९२४ मधली डी-ब्रॉग्लीची तरंगाची कल्पना आणि १९२६ मधलं श्रोडिंगरचं समीकरण लागलं. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून ती ठरावीक सुरांतच वाजते. बांधलेला तरंग ठरावीक ऊर्जाच घेतो, म्हणून खाचा. 'पार्टिकल इन अ बॉक्स' हे कंटाळवाणं डेरिव्हेशन म्हणजे ही तारच आहे.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन: हे युनिट करताना आधी एक प्रश्न हातात घ्या, मग फॉर्म्युला. प्लँक, बोर, डी-ब्रॉग्ली, श्रोडिंगर ही चार प्रकरणं नाहीत, एकाच प्रश्नाची चार उत्तरं आहेत. आणि जे आपण अभिमानाने सांगतो, त्याला "कशावरून?" हे आधी स्वतःच विचारा. नाहीतर एक्स्टर्नल विचारतात!

व्हायवाला मला वीसपैकी नऊ मिळाले. आजीला मात्र सगळं समजावलं. माडाच्या खाचा तिला लगेच पटल्या. ती म्हणाली, "असां काय! पण परत मीठ जाळू नको." (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. फिजिक्सच्या चुका मात्र जरूर दाखवा.)