कार्बला हात शेवटी

सिग्नलला थांबलं की बंद पडते, नाहीतर मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात जुन्या राजदूत 350 येतात त्या बहुतेक याच दोन तक्रारी घेऊन. आणि येण्याआधी पोरांनी दोन्ही कार्ब्युरेटर खोलून धुतलेले असतात. उत्साह दांडगा! पण एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 वरून 1983 पासून काढलेल्या या गाडीत सिलिंडर, कार्ब, पॉइंट, सायलेन्सर सगळं जोडीनं आहे. दोष डावीकडे की उजवीकडे, हे तीच सांगते. तोवर पाना खाली.

गाडी गरम करून मी दोन्ही सायलेन्सरच्या मागे तळहात धरतो. एका बाजूचे ठोके तुटक लागले, तर त्या बाजूचा प्लग काढून पलीकडे लावायचा. दोष प्लगाबरोबर पलीकडे गेला तर प्लग बदला, विषय संपला. नाही गेला तर पॉइंट बघा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा पॉइंट असल्यानं एकाचंच टायमिंग हलू शकतं, आणि गिऱ्हाईक मात्र कार्बला शिव्या देत बसतं.

रेस चढून राहते तेव्हा माझा संशय हवेवर. कार्ब आणि सिलिंडरच्या मधलं रबर इतक्या वर्षांत कडक होऊन चिरतं. वाकवल्याशिवाय चीर दिसत नाही. दोन्ही कार्बना जोडणारी चोकची बारीक नळीही तशीच जाते. इंजिन चालू ठेवून या रबरांवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारायचा. आवाज बदलला की चोर सापडला. (द्रव्य पेट घेणारं आहे, बेतानं, आणि मोकळ्या हवेत.) रबरं धड असतील तर क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा क्रँककेसमधूनच वर जाते, म्हणून सील गेलं की आयडलिंग गेलंच. मॅग्नेटच्या बाजूचं सील कोरडी हवा ओढतं. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळतं: मागे पांढरा धूर, आत ऑइल कमी.

इथवर सगळं ठीक निघालं, तर खुशाल कार्ब उघडा. आयडलिंगचं पेट्रोल स्लो जेटच्या बारीक भोकातून येतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि आधी हेच भोक बुजतं. एअर स्क्रू आत-बाहेर फिरवूनही आवाजात काडीचा फरक पडत नसेल, तर जेट बंद आहे असं समजा.

राहिला दोघांचा मेळ. मुठीची केबल खाली दोन्ही स्लाइडकडे फुटते. इंजिन बंद करून, एअर फिल्टरची रबरं काढून, एकाच मापाचे दोन ड्रिल बिट स्लाइडखाली अडकवायचे. मूठ सावकाश फिरवली की दोन्ही एकाच क्षणी सैल पडले पाहिजेत. एक आधी सुटला, तर जोडीतला एकच बैल जू ओढतोय. होंडा सीबी 750 सारख्या चार कार्बच्या गाडीला या कामासाठी व्हॅक्यूम गेज लावतात; आपलं दोन ड्रिल बिटांत भागतं.

आणि हो, केबल हलवलीत तर ऑइल पंपाची खूण पुन्हा जुळवा. पंप अजून जागेवर असेल, तर त्याची केबल त्याच फाट्यातून जाते. ती मागे राहिली तर आयडलिंग सुरेख लागेल, पण पुण्याला निघालात की कराडच्या आसपास पिस्टन जाम.