वणवा विझला? आता पाण्याकडे बघा!

जळलेल्या जंगलात जमिनीवर तांब्याभर पाणी ओता, कधी कधी ते मुरतच नाही! पानापाचोळ्यातले मेणचट पदार्थ आगीत वाफ होऊन मातीत शिरतात आणि जरा खालच्या थंड कणांवर थिजतात. मातीच्या पोटात जणू मेणकापडच अंथरलं जातं. मग जोराची सर आली की वरची राख आणि सुटी माती थेट उताराला लागते.

कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोनं याची भयंकर किंमत मोजली. डिसेंबर २०१७ मध्ये वरच्या डोंगरांत ‘थॉमस’ वणवा पसरला. तो पुरता आटोक्यात येण्याआधीच, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, धुवांधार पाऊस कोसळला. चिखल आणि घराएवढे धोंडे गावात घुसले, २३ जीव गेले. एवढ्या विध्वंसाला काही मिनिटांची सर पुरली. आपल्याकडे ‘गवत चांगलं येतं’ म्हणून सह्याद्रीचे उतार उन्हाळ्यात पेटवतात. जूनचा पाऊस त्याच उघड्या मातीवर पडतो. हे थांबायलाच हवं.

डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेला तर १९९६ आणि २००२ च्या दोन वणव्यांनंतर गाळ उपसायला, पाणी शुद्ध करायला आणि पाणलोट सावरायला २ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक खर्च आला.

सगळ्यात अजब किस्सा मेलबर्नचा. शहराला पाणी देणाऱ्या डोंगरांत ‘माउंटन अ‍ॅश’ नावाची निलगिरी वाढते, थेट ९० मीटरपर्यंत. तीव्र आगीत हा महावृक्ष मरतो, पण मरता मरता राखेवर बिया सांडतो. जानेवारी १९३९ च्या वणव्यांनंतर असं एकाच वयाचं दाट रान उगवलं. आणि तरणी झाडं पाणी पितात भरपूर! जुनं रान पुरतं जळून नवं उगवलं, की वीस-तीस वर्षांनी तिथून येणारं पाणी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं, असं जलशास्त्रज्ञांना आढळलं. ते पूर्ववत व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागू शकतात. आजोबांच्या काळातली आग नातवाच्या नळाला कळते ती अशी.

काही वनस्पती मात्र आगीचीच वाट बघतात. दक्षिण आफ्रिकेतली फायर लिली वणव्यानंतर दोन आठवड्यांच्या आत काळ्याभोर जमिनीतून लालभडक फुलते. कित्येक बियांना तर नुसता धूरही जागवतो; त्यातलं एक रसायन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००४ मध्ये शोधून काढलं.

धुराची मजल समुद्रापर्यंतही जाते. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा लोहयुक्त धूर हजारो किलोमीटर दूर दक्षिण महासागरावर पडला आणि तिथं सूक्ष्म शैवालाला असा बहर आला, की त्याचा पसारा ऑस्ट्रेलिया खंडाहून मोठा होता!