हवेतली धडक

मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी व्हिडिओ गोल फिरत बसतो. अशा वेळी आपण राउटरला नावं ठेवतो आणि मोठ्या अँटेनांचा नवा आणायच्या गोष्टी करतो. पण रेघा भरलेल्या असतील, तर आवाज पोचतोय. बोलायला मोकळी वेळ मिळत नाहीये. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन. भरवस्तीतल्या सोसायटीत घरोघरचे राउटर, टीव्ही, मोबाइल त्याच तिघांत दाटीवाटीने बोलत असतात. आणि कोणी कधी बोलायचं, हे ठरवणारा मुकादम कुठेच नसतो.

मुकादमाशिवाय काम चालेल, हे पहिल्यांदा हवाई बेटांवर करून दाखवलं गेलं. नॉर्मन अब्रामसन हे प्राध्यापक स्टॅनफर्ड सोडून तिथे गेले. समुद्रलाटांवर स्वार होण्याचा शौक हे त्यामागचं एक कारण. विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूला आणि महाविद्यालयं वेगवेगळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून रेडिओ.

सरळ विचार करणाऱ्याने महाविद्यालयांतल्या प्रत्येक टर्मिनलला ठरावीक वेळ वाटून दिली असती. पण टर्मिनलसमोरचा माणूस बराच वेळ विचार करतो, मग एक ओळ टाइप करतो. वाटून दिलेली वेळ बहुतांशी रिकामीच जाणार. अब्रामसन यांनी वाटपच रद्द केलं. ज्याला पाठवायचंय त्याने सरळ पाठवावं. दोघांची पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, एकाच वेळी हवेत गेली, तर दोन्ही फुकट. पोच आली नाही की समजायचं धडक झाली, आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. हा ‘मनाला येईल तेवढा’ फार महत्त्वाचा. दोघे सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा धडकणारच. जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झालं. ८० अक्षरांचं एक पाकीट ७०४ बिटांचं. सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने ते हवेत सुमारे ७३ मिलिसेकंद राही.

गणित मात्र निर्दय होतं. गर्दी झाली की या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच पदरात पडते. पाकीट केव्हाही नव्हे, ठोक्यावरच सोडायचं असा नियम लॅरी रॉबर्ट्‌स यांनी सुचवला, तेव्हा पदरात पडणारी क्षमता दुप्पट झाली. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत अलोहानेटचीच कल्पना तारेवर आणली. आधी ऐका, मग बोला. बोलतानाही कान उघडे ठेवा आणि धडक दिसली की गप्प व्हा. ते १९७३चं इथरनेट.

हवेत हे शेवटचं जमत नाही. आपलाच रेडिओ अँटेनापाशी इतका जोरात ओरडत असतो की दूरच्याची कुजबुज त्यात बुडून जाते. म्हणून वाय-फाय धडक पकडायच्या नादी न लागता ती टाळू बघतं. चॅनेल शांत झालं, तरी लगेच तोंड उघडायचं नाही. शून्य ते पंधरा यांतला एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा आणि तेवढे ठोके मोजायचे. आजच्या बहुतेक उपकरणांत एक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा. मध्येच कोणी बोललं, तर मोजणी थांबवायची. पोच आली नाही, तर पंधराचे एकतीस, मग त्रेसष्ट, असं १,०२३पर्यंत. गर्दीत वाय-फाय मंदावतं ते असं: बराच वेळ मोजण्यात जातो.

त्यातही एक पंचाईत आहे. बेडरूममधला लॅपटॉप आणि स्वयंपाकघरातला मोबाइल, दोघांना हॉलमधला राउटर ऐकू येतो. मधल्या भिंतींमुळे एकमेकांचं मात्र ऐकू येत नाही. चॅनेल रिकामं समजून दोघे एकदमच बोलतात. यावर तोड म्हणजे एसटीत रुमाल टाकून जागा धरणं. आधी एक चिमुकला निरोप, त्यावर राउटरचा ‘पाठव’ असा होकार. तो होकार सगळ्यांना ऐकू येतो आणि बाकीचे तेवढा वेळ गप्प बसतात.

पन्नास वर्षांनी मुकादम परत आलाय. वाय-फाय ६मध्ये राउटर चॅनेलचे बारीक तुकडे पाडून एकाच वेळी अनेकांना वाटून देऊ शकतो. मात्र घरातल्या जुन्या मोबाइलला ही वाटणी कळत नाही. तो आपले ठोके मोजत मध्ये घुसतोच. आणि शेजारच्या राउटरवर आपल्या मुकादमाची सत्ता चालत नाही.