अफझलगंजहून रामप्पाकडे : काकतीय मंदिरे चार दिवसांत कशी पाहावीत?

कंबोडियातील अंगकोरला जाणाऱ्या गोमंतकीय पर्यटकांना तेथील एक व्यवस्था लक्षात राहते. प्राचीन ख्मेर मंदिरांचा तो विस्तीर्ण परिसर एका दिवसात पाहून होत नाही, हे तेथे गृहीतच धरलेले असते. प्रवेशपत्रे एक, तीन आणि सात दिवसांची मिळतात. तीन दिवसांचे प्रवेशपत्र सलग वापरण्याचेही बंधन नसते. पर्यटक स्वतःसाठी मार्गदर्शक ठरवतो आणि रोज थोडे थोडे पाहतो. आपल्याकडे मात्र मंदिर पाहणे म्हणजे दर्शन, छायाचित्र आणि पुढचा मुक्काम, अशीच बहुधा समजूत असते.

अंगकोरइतकी दूर न जाता त्याच पद्धतीने पाहण्याजोगा मंदिरसमूह दक्षिणेत आहे. तेलंगणातील काकतीय राजवटीची मंदिरे ही ती होत. हणमकोंड्याचे हजार खांबांचे मंदिर, वरंगळचा किल्ला, पालमपेटचे रामप्पा मंदिर आणि घनपूरचा देवळांचा समूह यांसाठी चार दिवस हाताशी असावेत. या प्रवासाचा आरंभ हैदराबादच्या अफझलगंजातून करणे सोयीचे ठरते. बसस्थानक तेथून जवळ आहे, हे त्याचे एक कारण. मंदिरे पाहण्यापूर्वी करावयाची तयारीही तेथेच होते, हे दुसरे.

पहिला दिवस : अफझलगंज

मुसी नदीच्या उत्तर काठावरील या पेठेला पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांचे नाव आहे. त्यांची कारकीर्द १८५७ ते १८६९ अशी. धान्याच्या व्यापाऱ्यांना बाजारासाठी त्यांनी येथे जागा दिली आणि पेठ वसली. आज येथील गर्दीत दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेचे झाड ही पहिली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. या झाडाच्या फांद्यांचा आधार घेऊन सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगितले जाते. पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पाणी अडवणे आणि राज्य सांभाळणे यांचा संबंध दख्खनमध्ये किती जुना आहे, याचा प्रत्यय पुढील तीन दिवसांत पुन्हा येणार असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८९१ साली स्थापन झालेले हे आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये अफझलगंजच्या सध्याच्या भव्य वास्तूत आले. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठा आणि वेरूळ त्या काळी याच राज्यात असल्याने मराठी वाचकाला हे नाव अगदीच अपरिचित नसावे. पालमपेटच्या मंदिरांवरील यझदानींचा ग्रंथ १९२२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. प्रवासाला निघण्यापूर्वी अशा जुन्या ग्रंथांतील नकाशे आणि छायाचित्रे डोळ्यांखालून घातली, तर प्रत्यक्ष मंदिरात काय शोधावयाचे ते ठाऊक असते. उरलेल्या वेळात पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालय पाहता येते.

मार्गदर्शक कशासाठी?

मंदिराची माहिती भ्रमणध्वनीवर मिळत असताना माणूस कशाला हवा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मंदिराच्या रचनेतच दडलेले असते. कोणत्या वेळी कोणत्या भिंतीवर ऊन पडते, शिलालेखाचा स्तंभ कोठे उभा आहे, कोणता दगड मूळचा आणि कोणता दुरुस्तीचा, हे जागेवर वावरलेला माणूसच दाखवू शकतो. त्याखेरीज तो स्थानिक भाषेचा दुवा असतो. पुजाऱ्याशी, राखणदाराशी, तळ्याकाठच्या शेतकऱ्याशी संवाद त्याच्यामुळे होतो.

तथापि मार्गदर्शकाच्या सांगण्यात दोन प्रवाह मिसळलेले असतात. एक शिलालेखातून आणि उत्खननातून आलेला, दुसरा लोककथेतून आलेला. दोन्हींना आपापले मोल आहे. अडचण निर्माण होते ती दोन्ही एकाच स्वरात सांगितली जातात तेव्हा. म्हणून पर्यटकाने एक साधा प्रश्न जवळ बाळगावा : ‘हे कशावरून?’ चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने दुखावत नाही. उलट तो शिलालेखापाशी घेऊन जातो, किंवा ‘ही आमच्याकडे सांगतात ती गोष्ट’ असे मोकळेपणाने म्हणतो. पहिल्या तासाभरातच मार्गदर्शकाची पारख या प्रश्नावरून होते.

दुसरा दिवस : हणमकोंडा आणि वरंगळ

हैदराबादपासून हणमकोंडा सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेथील हजार खांबांचे मंदिर काकतीय राजा रुद्रदेव याने बांधले. शके १०८४, म्हणजे इसवी सन ११६३ चा शिलालेख तेथे आहे. शिव, विष्णू आणि सूर्य यांची तीन गर्भगृहे एकाच मंडपाला जोडलेली असल्याने या रचनेला त्रिकूट म्हणतात. रुद्रदेवाने कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारून स्वतंत्र सत्ता स्थापन केली, हे याच लेखातून उमगते.

गोमंतकीय वाचकाला येथे ओळखीची खूण सापडते. गोव्याचे कदंबही कल्याणीच्या चालुक्यांचेच मांडलिक होते. हणमकोंड्याचा हा लेख १८८२ साली प्रसिद्ध करणारे जे. एफ. फ्लीट यांनीच गोव्याच्या कदंबांचे लेखही अभ्यासून छापले होते. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिराचे घोटीव काळे खांब आणि छतावरील कमळ ज्यांनी निरखले आहे, त्यांना हणमकोंड्याचा मंडप परका वाटत नाही. एकाच चालुक्य परंपरेच्या या दोन शाखा आहेत. एक सह्याद्रीच्या रानात लहानशी राहिली, तर दुसरी तेलंगणाच्या पठारावर विस्तारली.

मंदिरासमोरील कल्याणमंडपाची कथा वेगळी आहे. पाया खचल्यामुळे २००६ साली त्याचे दगड उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन तो पुन्हा जागेवर बसवण्यात दीर्घ काळ गेला आणि मार्च २०२४ मध्ये मंडप पुन्हा खुला झाला. जुनी वास्तू वाचवणे किती चिकाटीचे काम आहे, ते येथे थेट पाहावयास मिळते.

दुपारनंतर वरंगळच्या किल्ल्यात जावे. स्वयंभू शिवमंदिराचे भग्नावशेष जमिनीवर विखुरलेले आहेत आणि चार दिशांना चार दगडी तोरणे मात्र उभी आहेत. तेलंगणाच्या राज्यचिन्हावर हेच काकतीय तोरण आहे. गणपतीदेव आणि त्याची कन्या रुद्रमादेवी यांच्या काळात वैभवास पोहोचलेली ही राजधानी १३२३ साली दिल्लीच्या सुलतानी फौजेच्या हाती पडली. मंदिर गेले आणि तोरणे राहिली. त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेत मूळ मंदिर केवढे असेल, याची कल्पना पाहणाऱ्याला स्वतःच करावी लागते. येथे मार्गदर्शकाने थोडा वेळ गप्प राहणे हीसुद्धा एक सेवाच होय.

तिसरा दिवस : रामप्पा

मुलुगू जिल्ह्यातील पालमपेट हे लहानसे गाव. तेथील रुद्रेश्वर मंदिर, लोकांच्या तोंडी रामप्पा, हे २५ जुलै २०२१ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. या मंदिरासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. सकाळच्या उन्हात तांबूस वालुकाश्म उजळतो, तर मंडपातील काळ्या दगडाचे खांब आणि मदनिका तिरप्या उजेडात अधिक स्पष्ट दिसतात.

रचनेतील तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली पायाची. खड्ड्यात वाळू भरून तिच्यावर मंदिर उभारण्याची पद्धत काकतीय स्थपतींनी वापरली. वाळूचा थर वरचा भार विभागून घेतो. दुसरी शिखराची. ते पाण्यावर तरंगणाऱ्या सच्छिद्र, हलक्या विटांचे आहे. त्यामुळे खालच्या दगडी भिंतींवरील ओझे कमी होते. तिसरी दगडांच्या निवडीची. भिंतींना कोरण्यास सुलभ वालुकाश्म, तर खांब, तुळया आणि मदनिका यांसाठी कठीण काळा दगड योजला आहे. याच दगडावर आरशासारखी झिलई आणि दागिन्यांचे केसाएवढे बारीक काम टिकून राहिले. येथील नर्तकींच्या शिल्पांवरून प्रेरणा घेऊन नटराज रामकृष्ण यांनी विसाव्या शतकात पेरिणी नृत्याचे पुनरुज्जीवन केले.

‘हे कशावरून?’ हा प्रश्न येथे सर्वाधिक उपयोगी पडतो. रामप्पा हे शिल्पकाराचे नाव असून त्याने चाळीस वर्षे खपून हे मंदिर घडवले, असे येथे हमखास सांगितले जाते. शिलालेख मात्र १२१३ सालचा असून तो बांधवून घेणाऱ्याचे, म्हणजे गणपतीदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याचे नाव सांगतो. रामप्पा हे नाव लोकस्मृतीतून आलेले आहे. ही गोष्ट हलक्यात काढण्याचे कारण नाही. राजे आणि सेनापती यांची नावे दगडावर कोरली गेली. ज्यांनी तो दगड घडवला त्यांची नावे कोरण्याची रीत फारशी नव्हती. त्या न कोरलेल्या नावाची जागा लोकांनी कथेने भरून काढली. मार्गदर्शकाने लेख आणि कथा दोन्ही सांगितली, तर मंदिराची दोन्ही अंगे कळतात. एकच सांगितली, तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

एका कोरीव खांबावर बोटांनी टिचकी मारली की सूर उमटतात, तेही उत्साहाने दाखवले जाते. प्रत्येक पर्यटकाने प्रयोग करून पाहिला, तर आठशे वर्षांची झिलई काही पिढ्यांतच जाईल. तेव्हा नम्रपणे ‘राहू द्या’ म्हणावे. मंदिरात आजही पूजा चालते, हेही विसरू नये.

मंदिरापासून थोड्याच अंतरावर रामप्पा तलाव आहे. टेकड्यांच्या मधली वाट बांध घालून अडवलेले हे पाणी आजही शेतीला मिळते. तलाव, मंदिर आणि वस्ती एकत्र उभी करणे ही काकतीयांची रीत होती. त्याच सुमारास, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी, अंगकोरमध्ये सातवा जयवर्मन बायोनचे मंदिर उभारीत होता. तेथेही सुमारे आठ किलोमीटर लांबीचा पश्चिम बराय हा जलाशय त्यापूर्वीच तयार होता आणि राजांचे मोठे लेख संस्कृतातच कोरले जात होते. मंदिरापाठोपाठ पाणी पाहिल्याखेरीज दोन्हीकडील राज्यव्यवस्था ध्यानात येत नाही. म्हणून तलावाचा बांध वेळापत्रकातून वगळू नये.

चौथा दिवस : घनपूर

परतीपूर्वी घनपूरची कोटगुळ्ळू देवळे पाहावीत. दगडी तटाच्या आत लहानमोठी वीसहून अधिक देवळे असून बहुतेक भग्न आहेत. रामप्पात पूर्ण झालेले काम पाहिल्यानंतर येथे तेच काम उघड्या सांध्यांनिशी दिसते. विटा कोठे बसवल्या, तुळई कशी टेकवली, मूर्ती भिंतीत कशी गुंतवली, हे समजते. क्रम उलटा केला, तर घनपूर केवळ पडझड वाटते.

ठरवताना काय पाहावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल. मात्र दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास मुलुगू जिल्ह्यातच मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा भरते. तेव्हा रस्ते आणि निवासस्थाने ओसंडून वाहतात. हणमकोंड्यात मुक्काम ठेवल्यास दोन्ही दिशांना जाणे सोपे होते.

मार्गदर्शकाचे ओळखपत्र पाहून घ्यावे. दिवस, तास, भाषा, मानधन, गाडी आणि त्याच्या जेवणाची व मुक्कामाची सोय यांविषयी निघण्यापूर्वीच लेखी बोलणे करावे. दुकानांत थांबणार नाही, हेही त्याच वेळी सांगावे. मराठी बोलणारा मार्गदर्शक मिळेलच असे नाही. हिंदी पुरते. मानधनात घासाघीस करताना एक भान राहावे. कमी पैशांत अधिक मंदिरे दाखवण्याची अट घातली, तर तो माणूस कथा आटोपत्या घेणार आणि लेखापाशी थांबणार नाही. चार दिवसांत चार ठिकाणे, एवढेच मागितले तर त्यालाही आपले ज्ञान दाखवण्यास वाव मिळतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा मुसीच्या काठी येते. वेळ असेल, तर अफझलगंजच्या ग्रंथालयात परत एक फेरी मारावी. पहिल्या दिवशी अनोळखी वाटलेल्या नकाशातील प्रत्येक खूण आता ओळखीची झालेली असते. आणि गोव्यात परतल्यावर तांबडी सुर्ल्याच्या मंडपात पुन्हा उभे राहिले, की त्या काळ्या खांबांपुढेही तोच प्रश्न मनात येतो : हे कशावरून?